नेव्ह कुठवर जागा राहिला

टॅबलेट बंद करून कपाटात टाकावा म्हणून नेव्हनं तो चार्जरवरून काढला, आणि तो त्याच्या हातातच वाजला.

“ग्लेनिस, कुठं आहेस? मिठाच्या चित्रपटाची पोच राहिलीय. नेव्ह कुठवर जागा राहिला?”

खाली नाव आणि गाव होतं, मरिलू, डार्विन. तेवढ्यात दुसरी ओळ आली. सतेंद्र, लौटोका.

“बारा मिनिटं. लावा पैज.”

नेव्ह उभ्या उभ्याच वाचत राहिला. ग्लेनिसला जाऊन नऊ दिवस झाले होते. गावात, जेराल्डटनमध्ये, सगळ्यांना कळलं होतं. चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती, आणि शेजारणींनी आणून दिलेल्या डब्यांनी फ्रिजचं दार लागत नव्हतं. पण या लोकांना कुणी सांगितलं नव्हतं. ‘माझे पुस्तकवाले’ असं ग्लेनिस म्हणायची, तेव्हा तो मान हलवायचा. ती खरीखुरी माणसं असतील आणि आपल्या बायकोची वाट बघत असतील, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

एका बोटानं त्यानं लिहिलं : “मी नेव्ह. ग्लेनिस वारली. मागच्या मंगळवारी. हृदयाचं ऑपरेशन होतं, त्यातून उठली नाही.”

मग त्यानं टॅबलेट पालथा ठेवला आणि धुतलेला कप पुन्हा धुतला.

दुपार व्हायच्या आत साठेक माणसांनी लिहिलं. कुणी होबार्टचं, कुणी सुवाचं, एक बाई तर कुठल्याशा बेटावर शाळा चालवणारी. सगळे ग्लेनिसबद्दल लिहीत होते, आणि सगळे त्याला नावानं हाक मारत होते. “नेव्हभाई, तुम्हाला आम्ही अकरा वर्षं ओळखतो,” असं सतेंद्रनं लिहिलं होतं. ते वाक्य नेव्हला बोचलं.

पर्थहून मुलीचा फोन आला.

“डॅड, जेवलास का?”

“लिॲन, ते पुस्तकवाले मला ओळखतात म्हणे.”

“ओळखणारच. तू तिथं प्रसिद्ध आहेस.”

“कशाबद्दल?”

“घोरण्याबद्दल. मागचं सगळं वाचता येतं, डॅड. वर सरकवत जा. पण आधी खाऊन घे.”

त्यानं खाल्लं नाही. तो वर सरकवत गेला. गटाचं नाव होतं ‘वाचून झालं का?’ आपण एक पुस्तक सुचवायचं, बदल्यात एक चित्रपट घ्यायचा, आणि आठवड्यात पोच द्यायची. पोच तीनच गोष्टींची : कसा, कुणासाठी, कुठवर. अर्धवट टाकलं तर तसं सांगायचं, त्यात लाज नाही. ग्लेनिसच्या पोचेत मात्र ‘कुठवर’ दोनदा असायचं.

“कुठवर : मी शेवटपर्यंत. नेव्ह बावीस मिनिटं. पात्रं एकमेकांशी बोलायला लागली आणि हा गेला.”

“नेव्ह सव्वीस. विक्रम. तोंड उघडं.”

“ग्लेनिस, नवरा बदल, नाहीतर सोफा बदल,” असं कुणीतरी लिहिलं होतं. खाली तिचं उत्तर : “सोफा नवाच आहे.”

“परत मरिलूचाच चित्रपट घेतलास?” सतेंद्र विचारत होता. “तिच्या चित्रपटात मेंढरंसुद्धा पेंगतात. एकदा माझा घेऊन बघ, कुंभकर्ण उठून बसेल.”

“पुढच्या वेळी,” असं ग्लेनिसनं लिहिलं होतं. दर वेळी तेच लिहिलं होतं.

नेव्हला बसवेना. तो मागच्या शेडमध्ये गेला. तिथं क्रेफिश पकडायच्या पिंजऱ्यांचे दोर होते, बोट विकल्यापासून कुणी हात न लावलेले. ते उलगडून त्यानं पुन्हा गुंडाळले. दक्षिणेचा वारा सुटला होता, पत्रे वाजत होते. दोर झाले तसा तो कुंपणापर्यंत गेला, परत आला, दारात थांबला, पुन्हा कुंपणापर्यंत गेला. हसले त्याचं काही नव्हतं. धक्क्यावर याहून वाईट ऐकलं होतं त्यानं. पण आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी, अकरा वर्षं, ती त्या सोफ्यावर बसली होती. शेजारी एक ओंडका. पडद्यावर काही चांगलं आलं तर तिनं कुणाकडे वळून बघायचं? म्हणून या लोकांना सांगत होती.

आत येऊन त्यानं लिहिलं : “तुम्ही माझ्यावर हसलात ते ठीक. पण ती तिथं एकटी बसायची, हे तुमच्यातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.”

थोड्या वेळानं मरिलूचा निरोप आला, गटावर नाही, वेगळा.

“नेव्हदादा, मी डार्विनच्या इस्पितळात रात्रपाळीची नर्स आहे. ग्लेनिसनं मला एक गोष्ट कुणाला सांगू नको म्हटलं होतं. तुम्हाला तर मुळीच नको. मी अकरा वर्षं गप्प बसले. पण तुम्ही आत्ता जे लिहिलंत ते वाचल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही. हे तिचं पत्र.”

खाली जुनं पत्र होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या जूनमधलं.

“मरिलू, तू रात्री जागी असणाऱ्यांना सांभाळतेस म्हणून तुला विचारते. डॅरिल बुडाल्यापासून नेव्ह झोपत नाही. पलंगावर डोळे उघडे ठेवून पडलेला असतो, आणि विचारलं की म्हणतो, झोपलो होतो की. डॉक्टरकडे नेलं तर गाडीतून उतरला नाही. परवा मी एक रटाळ चित्रपट लावला, तर वीस मिनिटांत माझ्या खांद्यावर झोपला. चार तास. मी हलले नाही. तसले अजून सांग. गटावर मी म्हणेन की त्याला जागं ठेवणारा चित्रपट हवा, म्हणजे सगळे हसतील. कीव केली आणि ते त्याच्या कानावर गेलं, तर तो सोफ्यावर बसायचाच नाही. तू मात्र जितका संथ मिळेल तितका शोध.”

डॅरिल नेव्हचा धाकटा भाऊ. दोघं एकाच बोटीवर होते. एक लाट आली, आणि मग बोटीवर नेव्ह एकटा होता. ते नाव या घरात कुणी घेत नसे. ग्लेनिसनं ते इतक्या सरळ लिहिलेलं बघून त्यानं खुर्चीची पाठ धरली.

आपण म्हातारे झालो म्हणून डुलक्या लागतात, असं तो समजत होता.

मरिलूनं पुढं लिहिलं होतं : “गटात माझी निवड सगळ्यांत वाईट म्हणून थट्टा होते. होऊ दे. मिठाचा चित्रपट तिनं ऑपरेशनच्या आधी मागितला. म्हणाली, मी आठवडाभर घरी नसेन, त्याला एकट्याला लावता येईल असा दे. त्याची पोच आली नाही म्हणून सकाळी मी गटावर विचारलं. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.”

नेव्हनं टीव्ही लावला. चित्रपट यादीत सगळ्यात वर ठेवलेला होता. दुपारचे अडीच वाजले होते. पडदे न ओढता तो सोफ्यावर आपल्या बाजूला बसला.

पांढरं पठार. एक म्हातारा, एक खेचर, खेचराच्या पाठीवर मिठाच्या लाद्या. म्हातारा चालत होता. बारा मिनिटं झाली. म्हातारा थांबला, लादी सैल झाली होती ती सोडून पुन्हा बांधली, निघाला. बावीस झाली. सव्वीस झाली. नेव्हनं डोळे मिटून पाहिले. ते आपोआप उघडले. तो थोडा डावीकडे कलला, आणि तिथं टेकायला काही नव्हतं म्हणून सरळ झाला.

तासाभरानं खेचर आजारी पडलं. म्हाताऱ्यानं मिठाच्या लाद्या वाटेच्या कडेला उतरवून ठेवल्या आणि त्याला सावलीत नेलं. नेव्ह पुढं वाकून बघत होता. “पाणी दे त्याला,” तो मोठ्यानं म्हणाला.

नावं वर सरकून संपली तेव्हा साडेपाच वाजले होते. बाहेर वारा पडला होता.

टॅबलेटवर त्याच्या ओळीखाली सतेंद्रनं एवढंच लिहिलं होतं, “नेव्हभाई, माफ करा.”

नेव्हनं चष्मा पुसला आणि एका बोटानं सुरुवात केली. कसा : चांगला. खेचराचं काम फार चांगलं. कुणासाठी, इथं त्यानं लिहिलेलं एकदा पुसलं. मग लिहिलं : ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी.

कुठवर, ते अजून लिहायचं राहिलं आहे.