दसरू मडावींची टेस्ट ड्राइव्ह

"पन किती देते?"

दसरूंनी पुन्हा तेच विचारलं.

रीतानं टॅबलेटवरून मान वर केली. नागपूरच्या शोरूममधून ती ही गाडी दाखवायला चंद्रपूरला आली होती, आणि हॉटेलच्या आवारात सकाळपासून बापलेकांपुढं एकेक पर्याय उघडत होती.

"काकाजी, हायवेला चौदा. शहरात नऊ धरा."

"नऊ? माही एसटी पाच देत होती, पन पन्नास मानसं घेऊन."

"बाबा, हे स्पोर्ट्स गाडी हाय," पवन म्हणाला. "हिले मायलेज पुसत नसतेत."

"काऊन? हे पेट्रोल नाई पीत का?"

रंग

राखाडी. यावर वाद झाला नाही.

चाकं

पवनला मोठी हवी होती, पातळ टायरांची. दसरूंनी वाकून गाडीच्या पोटाखाली हात घातला. वीतभरही जागा नव्हती.

"एटापल्लीच्या रस्त्यानं हिचं पोट फाटन."

"तिथं आता कोन रायते? तुमी त इथीच आले."

दसरू कंबर धरून उभे राहिले.

ड्रायव्हर

हा पर्याय टॅबलेटवर नव्हता.

पवन भूल देणारा डॉक्टर. आज या दवाखान्यात, उद्या त्या. फोन आला की निघायचं. गेल्या महिन्यात गडचिरोलीहून परतताना त्याला स्टिअरिंगवरच झोप लागली आणि जुनी गाडी धानाच्या बांधीत उतरली. खरचटण्यावर निभावलं. सून दिव्यानं रडत एटापल्लीला फोन केला.

दसरूंची बायको गेल्यापासून पवन त्यांना बोलावतच होता. "तिथं येऊन का करू? बसून खाऊ?" असं म्हणून दसरू टाळायचे. या फोननंतर मात्र घराला कुलूप लावून आले. "मी चालवतो तुले," एवढंच म्हणाले. पवनला गाडी चालवण्याचीच हौस, तरी तो हो म्हणाला. म्हणून आजची गाडी दोघांच्या हाताला बसायला हवी होती.

मायलेज

मूल रोड. दसरू स्टिअरिंगवर, शेजारी पवन, मागे रीता.

अहेरीच्या डेपोत ड्रायव्हरची किंमत केपीटीएलवर ठरायची. दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर. फळ्यावर नावं लागायची. उतार दिसला की पाय उचलायचा, पुढं ढोरं दिसली की आधीच वेग सोडायचा. ब्रेक मारणं म्हणजे जाळलेलं डिझेल फेकून देणं. दसरूंचं सगळं आयुष्य त्या फळ्यावर गेलं होतं. वर नाही, खाली नाही, मधेच कुठंतरी.

उतार आला. हात आपोआप गेला आणि गाडी न्यूट्रलमध्ये पडली.

"काकाजी! न्यूट्रल नका टाकू!" रीता ओरडली.

पवन खो खो हसला. "मॅडम, राहू द्या. केपीटीएल वाढवून राह्यले ते."

दसरूही हसले. किती दिवसांनी.

आपोआप लागणारा ब्रेक

लोहाऱ्याच्या अलीकडे गाडी थांबली. कुणी थांबवली नव्हती. पट्टे छातीत रुतले, समोरच्या पडद्यावर लाल खूण पेटली.

बोनेटपुढं एक बाई उभी होती. डोक्यावर सरपणाची मोळी.

"डोये फुटले का रे?" ती करवादली आणि मोळी सावरत उरलेला रस्ता ओलांडून गेली.

"पाहिलं ना सर?" रीता मागून पुढं झुकली, खूश होऊन. "हाच तो ऑप्शन. असा डेमो मुद्दाम करून नाही दाखवता येत."

"जबरदस्त," पवन म्हणाला. "बाबा, तुमी मारला का गाडीनं?"

"गाडीनं."

"मंग हे घेऊच."

दसरूंचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता. बाई डावीकडून आली असणार. अर्धा रस्ता चालून आली असणार. तेवढा वेळ ती कुठं होती?

त्यांनी डावा डोळा मिटला. रस्ता, साग, मोळी घेऊन जाणारी पाठ. मग उजवा मिटला. डाव्यापुढं सगळं दुधात बुडालं.

गाडी कडेला घेऊन ते उतरले.

"का झालं?"

"तू चालव."

पॅकेज

रीता पुढं गेली, दसरू मागं बसले. गुडघे वर आले. पाय कुठं ठेवायचे ते कळेना.

"थकले का, बाबा? जाऊ द्या, आपली गाडी आली का तुमालेच चालवायची हाय."

"सर, फायनल करू?" रीतानं विचारलं. "स्पोर्ट्स पॅकेज घेतलं तर मागच्या सीटचं कम्फर्ट पॅकेज मिळत नाही. दोन्हीतलं एकच."

"स्पोर्ट्स. मागं कोन बसते?"

"मी बसन," दसरू म्हणाले.



"आन एक ड्रायव्हर पाह्य," ते पुढं म्हणाले. "तरना. ठेवाच्या आधी डोये तपासून घेजो त्याचे. रातच्याले तू चालवू नोको."

पवननं आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नजर रस्त्यावर नेली.

"कम्फर्ट टाका, मॅडम."

रीतानं पडद्यावर बोट टेकवलं. "यात मागच्या खिडक्यांना पडदे येतात, काकाजी. ऊन लागत नाही."

"पडदे नोको."

पवननं वेग कमी केला होता. मागच्या सीटवर दसरू हळूहळू सरकले आणि उजव्या खिडकीशी जाऊन बसले.