मुबारकबीनं पाडलेले आटे

"इंजन इकून टाक आनि नगरला चल माज्यासंगं," बाबाजाननं ओसरीवर बसल्या बसल्या धाकट्या भावाला सांगितलं. "एका हातानं कसली गिरनी चालवतो?"

कादर खांबाला टेकून बसला होता. त्याचा उजवा हात फडक्यात गुंडाळून गळ्यात अडकवलेला होता.

शेवगावच्या अलीकडं रस्त्याला लागूनच कादर मिस्त्रीचा पत्र्याचा कारखाना होता. एकच तेलाचं इंजन, त्याच्यावरच पिठाची गिरणी फिरायची अन् लोखंड कातायचं लेथबी. इंजनाच्या बुडाशी जुनं तेल काढायचं भोक होतं, त्याचे आटे झिजून बोल्ट धरत नव्हता. लढाईच्या दिवसांत नवा भाग मिळेना, म्हणून कादरनं लाकडाची खुंटी ठोकली, वर चिंध्या कोंबल्या अन् दिवस ढकलले. खुंटीतून तेल ठिबकत राहिलं. त्याच तेलावरून त्याचा पाय घसरला आणि हात इंजनाच्या फिरत्या पट्ट्यात गेला. दोन बोटं गेली, उरलेली वळेनात. तेव्हापासून आसपासच्या वाड्यांतल्या बाया पुन्हा जात्यावर बसल्या होत्या.

"इंजन जायचं न्हाई," दारातून कादरची बायको मुबारकबी म्हणाली.

"मग चालवनार कोन, मुबारकबी?"

"आमी बघू, भाईजान."

"बघा. परवा मी इंजन न्यायला गाडी घिऊन येतो," म्हणत बाबाजान उठला.

तो गेल्यावर तिनं हत्यारांची पेटी नवऱ्यापुढं आणून ठेवली. "सांगा, कसं करायचं?"

"तुला न्हाई जमायचं."

"सांगा तर."

कादर जमिनीकडं बघत बोलला. "भोक मोठं करायचं, म्हंजी झिजलेले आटे निघून जात्यात. मंग ह्यो आटे कापायचा टॅप फिरवून नवे आटे पाडायचे, जाड बोल्टाचे. पर बीड हाय ते, ठिसूळ लोखंड. जोर तिरका लागला तर तडकंल. टॅप आत तुटला तर इंजन भंगारात."

"आताबी भंगारातच निघालंय की," ती म्हणाली आणि पदर खोचला.

चैताचं ऊन पत्र्यावर तापत होतं. बाहेर काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या, वाऱ्याबरोबर फुफाटा आत येत होता. मुबारकबी गोणपाट टाकून इंजनाशी आडवी झाली. उरलंसुरलं तेल परातीत काढलं, भोक पुसलं, हातड्रिल छातीशी टेकवून फिरवायला लागली. बिडाचा काळा चुरा तिच्या मनगटावर सांडत होता. कादर मागं उभा राहून सारखा ओरडत होता, "सरळ धर. डावीकडं चाललं."

भोक झालं. टॅपला वंगण लावून ती हळूहळू फिरवू लागली. थोडा आत गेला अन् अडकला. तिनं दात आवळून जोर लावला.

"सोड, तुटंल त्यो!"

"तुमी वरडू नका," ती तशीच पडून म्हणाली. "तुमच्या आवाजानं मला हाताचं कळंना झालंय."

कादर तिच्याशेजारी मातीत बसला आणि डावा हात तिच्या हातावर ठेवला. हाताखाली टॅप ताठलेला लागला. "मागं घे," तो हळू आवाजात म्हणाला. "चुरा अडकलाय. जरा मागं, मंग पुढं."

तिनं मागं घेतला. कट् झालं. तिनं टॅप काढून उजेडात धरला. पण टॅप शाबूत होता, नुसता चुरा सुटला होता. ऊन कलेस्तोवर ती तशीच पुढं-मागं करत राहिली. मग चामड्याच्या चकतीचा वायसर घालून जाड बोल्ट बसवला, तेल भरलं. खाली एक थेंब आला नाही.

ठरल्या दिवशी सकाळी बाबाजान बैलगाडी घेऊन आला, तर इंजन धडधडत होतं. पट्टा चढवून मुबारकबी गिरणीशी उभी, दारात दळणाच्या पाट्या. तो वाकून बोल्ट बघून आला. "कुनी केलं रं हे?"

"म्याच केलं," कादर म्हणाला.

बाबाजाननं त्याच्या गळ्यातल्या हाताकडं बघितलं, मग भावजयीकडं. ती पीठ सारत राहिली. मोकळी गाडी माघारी गेली.

त्या दिवशी कादरला भाकर गेली नाही. मुबारकबीनं ती तशीच झाकून ठेवली.

पुढच्या बाजाराला खालच्या वाडीचा रंगनाथ पाण्याचा पंप गाडीत घालून आला. "कादरभाई, याच्याबी बुडाचे आटे गेल्यात. तुमी पाडून देता म्हनं."

दळणाच्या बाया माना वळवून बघू लागल्या. कादरनं गिरणीशी उभ्या मुबारकबीकडं बघितलं.

"मी न्हाई पाडत," तो म्हणाला. "ती पाडती. तिला इचारा, हुईल का ते."

बोलताना त्याची मान खालीच होती. पण इंजनाच्या आवाजातही ते दारातल्या शेवटच्या बाईपर्यंत ऐकू गेलं.