बिनमेंदीचे हात

झोयाबाईंनी आपले मासे कमलाच्या घरी ठेवले, तेव्हा भिलाईतल्या अर्ध्या सेक्टरने तोंडात बोटं घातली. ठेवायचेच तर कुणा साहेबाच्या बंगल्यात ठेवावेत की नाही! पण बाईचा हट्ट. तिचा नवरा पोलाद कारखान्याच्या यार्डात वॅगन उलटवायच्या मशीनवरचा रशियन साहेब आणि कमलाचा नवरा विष्णु त्याच मशीनवर चार्जमन, एवढीच काय ती ओळख. तेवढ्यावर ती उंच, उन्हाने लालबुंद झालेली बाई दर दुपारी कमलाच्या दोन खोल्यांत येऊन पुऱ्या लाटत बसायची. हिला रशियन येत नव्हतं, तिला मराठी येत नव्हतं, मोडक्या हिंदीचे मूठभर शब्द दोघींत मिळून. तरी गप्पा अशा रंगायच्या की चुलीवर कढईतलं तेल जळायचं. कमला भंडाऱ्याची. लग्न होऊन ती भिलाईत आली ती थेट मुरमाच्या धुळीत. भट्ट्या पेटल्या होत्या, गाव मात्र अजून उभंच राहत होतं, आणि शेजार कधी बदलेल याचा नेम नव्हता. तिला आपलं म्हणावं असं त्या गावात हे एकच माणूस होतं.

झोया उन्हाळ्यात आपल्या देशी जायची होती ती थेट पोळ्यापर्यंत. टाकी आली ती सहा माणसांच्या खांद्यावर. लोखंडी अँगलची चौकट, जाड काच, आत बुडबुडे सोडणारी गुरगुरती मोटर. बाहेरच्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला टेकवावा लागला आणि विष्णु त्या दिवसापासून जमिनीवर झोपू लागला. मासे कलकत्त्याहून डब्यांतून आणलेले. सोनेरी होते, पांढरे होते, आणि त्यांत एक थोराड, काळा, बटबटीत डोळ्यांचा, सगळ्यांना ढुशा देत फिरणारा. झोया त्याला 'द्येदुश्का' म्हणायची. म्हणजे आजोबा. कमलानेही त्याला आजोबाच करून टाकलं.

बाईने हातवारे करून सगळं शिकवलं. चिमूटभर खाणं. रोज सकाळी बादलीभर पाणी काढायचं, बादलीभर घालायचं, आणि घालायचं ते पाणी आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेलं हवं, म्हणजे नळाचा औषधी वास उडतो. कमला उत्साहाने उठली आणि टाकीत घालायला तांब्याभर पाणी घेऊन आली. तशी झोयाने तिचं मनगटच धरलं.

"मेदी न्येत! मेदी न्येत!"

न्येत म्हणजे नाही, हे तोवर भिलाईतल्या पोराबाळांनाही ठाऊक झालं होतं. राहिलं मेदी. कमलाने आपल्या हाताकडे पाहिलं. अखजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, मेंदी कालच काढलेली, बोटांच्या टोकांपर्यंत लाल.

"मेंदी नको म्हणते वो," ती विष्णुला म्हणाली. "पाण्यात रंग उतरन, अन् मासोळ्याले बाधन."

"बरोबरच आहे तिचं," विष्णु म्हणाला. त्याला पलंगाची चिंता होती.

कमलाने हात मागे घेतला आणि मान डोलावली. झोयाचा जीव भांड्यात पडला. मग तिने काचेवर बोट ठेवलं. "मैं आएगा. द्येदुश्का जिंदा?"

"जिंदा," कमला म्हणाली, आणि स्वतःच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. ती झोयाला कळली की नाही कोण जाणे, पण कमलाला पुरती कळली होती.

आणि शब्द पाळावा तर असा! आईने लग्नात दिलेला भंडाऱ्याचा तांब्याचा हंडा तिने मासोळ्यांच्या पाण्याला लावला. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी त्यातलंच. रोज संध्याकाळी चिंच लावून तो असा घासायचा की त्यात तोंड पाहून कुंकू लावावं. मग पाणी भरायचं, वर फडकं बांधायचं, सकाळी टाकीत. मेंदीचं म्हणाल तर ती हातावरून जाईस्तोवर कमलाने टाकीत बोटसुद्धा बुडवलं नाही.

तरी काही दिवसांतच पहिला मासा उलटा झाला.

विष्णु म्हणाला, वीज जाते, मोटर थांबते, हवा मिळत नसेल. कमला पंखा घेऊन टाकीशी बसली आणि वीज गेली की वारा घालू लागली, पाणी हाताने ढवळू लागली. पांढरा मेला. मग तिला वाटलं, कारखान्याची लाल धूळ. खिडक्या बंद, टाकीवर जुनं लुगडं. सोनेरी दोन गेले. मग मलेरियावाले फवारा मारायला आले, तर तिने त्यांना दारातूनच असं पिटाळलं की ते पुढच्या रांगेकडेही फिरकले नाहीत आणि सगळ्या रांगेने डासांचा दोष तिच्या माथी मारला. खाणं कमी केलं. खाणं वाढवलं. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मासे आपले वर यायचे, तोंड उघडून धापा टाकायचे आणि सकाळी एखादा तरंगत असायचा. जितके मरत तितकं ती पाणी जास्त बदलायची, आणि हंडा जास्त घासायची.

"मी काय करून नाही राहिली, सांगा!" एक दिवस ती विष्णुवर उखडली. "तिले काय तोंड दाखवू मी?"

मधेच दुर्गला, मोहन नगरात, विष्णुच्या आतेबहिणीचं लग्न निघालं. बायका मेंदी लावायला बसल्या, आणि कमला हात पाठीमागे घेऊन उभी.

"कावून वो? सुतक आहे का घरात?" विष्णुची आत्या तुळसाबाई सगळ्यांदेखत म्हणाली.

"मासोळ्या आहेत, आत्याबाई," कमला म्हणाली. त्यावर मांडव जो हसला! लग्नघरात बिनमेंदीचे हात घेऊन वावरणं म्हणजे काय, ते बायकांनाच विचारा. कमलाने सगळं गिळलं. आजोबा जगला पाहिजे, बस.

आठवड्याने ती परतली तर टाकीत एकही मासा मेला नव्हता. उलट आजोबा मस्तीत ढुशा देत फिरत होता. ड्युटीपायी मागे राहिलेल्या विष्णुने काय केलं होतं? काही नाही. लोखंडी बादली नळाखाली भरून ठेवायचा, आठवण झाली तर ओतायचा.

कमला हरखली. तिने लगेच हंडा घासायला घेतला. आणि चार दिवस जातात न जातात तोच मासे पुन्हा धापा टाकू लागले.

शेजारची रुक्माबाई जिभेची तिखट. मनात ठेवायचं माहीत नाही. "राग नको मानू कमलाबाई, पण तुह्या हाताले यश नाही. तू नव्हती तं कसे सुखात होते ते."

हे कमलाच्या मनात आधीच होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मात्र तिला ते सोसेना. ती आत जाऊन बसली आणि आपले स्वच्छ, कोरे हात बघत राहिली. हाताला यश नसलं तर मग माणसाने करायचं तरी काय? दुसऱ्याचे हात आणायचे?

आजोबाने खाणं सोडलं त्या दिवशी तिने हार मानली नाही, हीच मोठी चूक झाली. हंड्यातलं पाणी तिने सकाळीही घातलं आणि दुपारीही घातलं. संध्याकाळी तो तळाशी आडवा झाला. विष्णु ड्युटीवरून आला तेव्हा ती टाकीसमोर जमिनीवर बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"आजोबा गेला," ती म्हणाली. विष्णुने जेवणाची गोष्ट काढली नाही.

पुढे पावसात एकदा भट्टीवर माणसं कमी पडली आणि यार्डातले काही जण तिकडे ओढले गेले. विष्णुही गेला. रात्री जेवताना तो तिथलीच गंमत सांगत होता. भट्टीच्या पोटात गरम वारा फुंकणारी नळकांडी असतात, त्यातलं एक जळालं होतं. "आमी आपलं लोखंडाचं उचलून नेलं. तो रशियन फोरमन असा खवळला! 'मेदी, मेदी!' करून बोंबलून राहिला. आमाले काय समजते? शेवटी दुभाष्या धावत आला..."

कमलाचा हात भाकरीवरच थांबला. "काय म्हणे तो?"

"मेदी."

"मेदी म्हणजे?"

"तांबं. नळकांडी तांब्याची लागते न तिथं. रशियनात तांब्याले..." विष्णु बोलता बोलता थांबला, कारण कमला वळून चुलीपलीकडे बघत होती. तिथे हंडा होता. नुकताच घासलेला.

तिने भाकरी खाली ठेवली. मग म्हणाली, "मनगट धरलं होतं वो तिनं माहं. तांब्याचाच तांब्या धरला होता त्याच हाताचं."

त्यानंतर टाकीत लोखंडी बादलीचं पाणी पडू लागलं. उरलेले दोन सोनेरी मासे वाचले. हंडा माळ्यावर टाकते म्हणाली, तर विष्णु म्हणाला, "आपण माणसं आहो, मासोळ्या नाही. राहू दे." हंडा राहिला. पण तो घासताना कमला आता त्यात तोंड पाहत नसे.

पोळ्याच्या सुमारास झोया परत यायची होती. विष्णुने उपाय काढला. "वीज गेली, मोटर बंद पडली, म्हण. यार्डात आमी सगळ्याले हेच सांगतो."

झोया आली ती सामान टाकून थेट टाकीपाशी. काचेला नाक लावून तिने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग वळली.

"द्येदुश्का?"

"मैडम, वो लाइट गया था..." विष्णुने सुरुवात केली.

"तुमी चूप बसा," कमला म्हणाली. तिने झोयाचं मनगट धरलं आणि तिला आत नेलं. हंड्यावर हात ठेवला. "मेदी." मग आपले दोन्ही तळवे तिच्यासमोर उघडले. "मेंदी."

झोयाला काही उमगेना. कमलाने पुन्हा हंड्यावर हात ठेवला, पुन्हा तळवे दाखवले, तळव्यावर बोटाने नक्षी काढून दाखवली आणि पुसून टाकली. "मेदी. मेंदी." झोयाचे ओठ ते दोन शब्द पुटपुटले. एकदा, परत एकदा. तिने त्या कोऱ्या तळव्यांकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं की तिला सगळं कळलं. ती तिथल्या पाटावर मटकन बसली आणि तोंड झाकून रडली. कमलालाही रडायचं होतं. पण मासा तिचा होता, आधी तिने रडावं, म्हणून ही उभी राहिली.

मग झोयाने नाक पुसलं आणि म्हणाली, "पानी."

कमलाचा हात सवयीने हंड्याकडे गेला, चटका बसल्यासारखा मागे आला, आणि ती माठाकडे वळली.

"न्येत," झोया म्हणाली. तिने हंड्याकडे बोट केलं. "मेदी."

तांब्याभर पाणी ती एका दमात प्यायली. आणि रिकामा तांब्या पुन्हा कमलापुढे धरला.