कणगीत लपवलेला श्वास

घरात लग्नाची मुलगी असली की आपण माणसं काय काय लपवतो! भिंतीची ओल लपवतो, घरातली भांडणं लपवतो. धसईच्या वत्सलाबाईंनी तर नवऱ्याचा श्वास लपवला.

नवरा कुंडलिक भातशेती करणारा आणि घोरण्यासाठी गावभर प्रसिद्ध. गडी सुखाने झोपतो, असं म्हणून सगळे हसायचे. पण दिवाळीनंतर त्याच्या छातीत धडधड सुरू झाली, ठोके वेडेवाकडे पडू लागले. कल्याणच्या डॉक्टरांनी विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणले. मग झोपेची तपासणी झाली. झोपेत याचा श्वास अडकतो, त्याचा ताण हृदयावर येतो, असं डॉक्टरांनी समजावलं. गोळ्या चालू ठेवा आणि रोज झोपताना नाकावर मास्क लावून हवेचं मशीन लावा, नाहीतर ठोके पुन्हा बिघडू शकतात, हेही बजावलं.

दोन महिने मशीन लावलं. दिवसाची पेंग गेली, धाप कमी झाली. तेवढ्यात त्यांच्या मुलीला, निशिगंधाला, शहापूरचं स्थळ आलं. शेजारची ठकी सहज बोलून गेली, की नाकाला नळी बघून पाहुण्यांना वाटेल, बाप शेवटाला आलाय. वत्सलाबाई तडक घरात गेल्या. त्यांनी मशीन जुन्या लुगड्यात गुंडाळून भाताच्या कणगीत पुरलं. सुपारी फुटेपर्यंतच, असं नवऱ्याला सांगितलं. आणि तोही कसला शहाणा, हो म्हणाला!

तीन आठवड्यांनी शहापूरचा मुलगा प्रणित आणि त्याची आई सुंदराबाई घरी आले. पानाचं तबक पुढे करता करता कुंडलिक छाती धरून खाली बसला. अंगाला दरदरून घाम, ओठ पांढरेफटक. प्रणितच्याच गाडीतून त्याला मुरबाडच्या दवाखान्यात नेलं.

ठोके पुन्हा बिघडले होते. मशीन रोज लावता ना, डॉक्टरांनी विचारलं. वत्सलाबाईंची नजर शेजारी उभ्या सुंदराबाईंकडे गेली.

"आये, सांग ना गो," निशिगंधा रडत म्हणाली. "बाबाचा जीव चाललाय आन् तुला अजून लोकांची पडलीय?"

सांगावंच लागलं, सुंदराबाईंच्या देखत. आता स्थळही गेलं आणि माझा माणूसही गेला, असं म्हणत वत्सलाबाईंनी बाकड्यावर कपाळ आपटून घेतलं.

सुंदराबाईंनी त्यांचा हात धरला.

"माझा मालक बी असाच घोरायचा. आमी हसायचो. छातीत धडधडतं म्हनाला, तर गॅस झाला म्हनून सोडा पाजला. एक दिवस झोपला तो उठलाच नाय. त्याला कोनी मशीन सांगितलं असतं, तर मी ओटीवर मांडलं असतं. चष्मा लपवता का तुमी? मंग श्वास कशापायी लपवता? पोरगी आमच्या मनात भरलीय. पयला तिचा बाप वाचवा."

वत्सलाबाई ओक्साबोक्शी रडल्या.

कुंडलिक सहा दिवसांनी घरी आला. ठोके अजून ताळ्यावर नाहीत, आणि पुढचं काही डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. वत्सलाबाई रोज सकाळी मास्क धुतात आणि पडवीत, रस्त्यावरून दिसेल अशा दोरीवर वाळत घालतात. कोणी विचारलं तर थांबून सगळं सांगतात, स्वतःची चूकसुद्धा. ते तीन आठवडे मात्र त्यांना आता कोणीही परत देणार नाही.

बंधूंनो, भगिनींनो, घरातलं माणूस घोरता घोरता श्वास अडकून दचकत असेल तर हसू नका, तपासून घ्या. डॉक्टरांनी मशीन दिलं असेल, तर ते त्याच्या उशाशी ठेवा. कणगी भातासाठी असू द्या.