गुंडू आबांचा अंगठा

स्नेहल पोरीला नाचणीचं सत्त्व भरवत होती, तेव्हा अमरसिंहांची पांढरी गाडी दारात थांबली. इंजिन बंद झालं नाही.

कागलला मोर्चा होता. जमिनीवरची कमाल मर्यादा उठवा, मालकाचा हक्क मालकाला द्या, अशी मागणी. ‘गरीब शेतकरी’ म्हणून स्टेजवर बसायला स्नेहलचे सासरे गुंडू आबा हवे होते.

“गुंडूनाना, आवरलं न्हवं? मोर्चा झाला की रजिस्टर हापिसात, रान आमच्या नावावर करायला एक अंगठा. चार वाजता घरात.”

“व्हय, धाकलं मालक.” गुंडू आबा टोपी शोधू लागले.

पंचाहत्तर साली सीलिंगमध्ये, म्हणजे कमाल मर्यादेच्या कायद्यानं सरकारकडे जाणारं चार एकर रान अमरसिंहांच्या वडिलांनी आपल्या या गड्याच्या नावावर केलं होतं. सातबारा गुंडूंचा, ऊस मालकाचा. दर दसऱ्याला आबा मालकांना सोनं द्यायला जात आणि कोऱ्या कागदावर अंगठा उठवून, नवं धोतर घेऊन येत. त्यांना तो मान वाटे. तेच रान सरकारजमा झालं असतं, तर भूमिहीन म्हणून त्यातला तुकडा कदाचित त्यांनाच मिळाला असता, हे बी. ए. झालेल्या सुनेनं सांगितलं, त्या दिवशी आबा भरल्या ताटावरून उठले होते.

“आबा यायचे न्हाईत,” स्नेहल म्हणाली.

अमरसिंह हसले. “सून लई शिकलीया की, नाना.” त्यांनी पोरीच्या गालावरून बोट फिरवलं. “हिला अंगणवाडीला चालत सोडता न्हवं? उसाच्या ट्रॉल्या लई जोरात जात्यात. जपा.”

स्नेहलनं पोरीला जवळ ओढलं. न्या त्यांना, एवढं म्हटलं की गाडी निघून जाणार होती. शब्द ओठापर्यंत आलाही.

आबा आत गेले. ट्रंकेतलं यंदाचं घडी न मोडलेलं धोतर आणून त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवलं.

“माझ्या नातीचं नाव काडाय नगं हुतं, मालक. अंगठा न्हाई मिळायचा.”

दुपारी मोर्चाच्या भोंग्यावर दुसऱ्याच कुणा गरीब शेतकऱ्याचं नाव पुकारलं गेलं. त्याचा अंगठा कुठं कुठं उठला होता, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या कागदांची तक्रार द्यायला आबा, सून आणि नात तहसील कचेरीकडे निघाले. मागून ट्रॉलीचा आवाज जवळ येत गेला. स्नेहलनं पोरीला रस्त्याच्या कडेच्या बाजूला घेतलं. चालायची मात्र ती थांबली नाही.