बांधावरची माती

कौतिकला भांडणाची हौस नव्हती, पण एकदा तोंडातून शब्द गेला की तो मागे घेणं त्याच्या जिवावर येई. फैजपूरच्या शिवारात त्याची आणि जीवरामची केळीची बाग एकाच बांधाला लागून होती. स्वराज्य येऊन पाच वर्षं झाली होती, रानडुकरांना मात्र त्याचा पत्ता नव्हता. ती तापीकडून यायची आणि कंद उकरून जायची. शेवटी जीवरामने बांधावर खांब रोवून काटेरी तार ओढली आणि कौतिककडे निम्मा खर्च मागितला.

“बठ्ठा बांध तुझा, मंग तार बी तुझी. मी काहून देऊ?” कौतिक म्हणाला.

सगळा बांध जीवरामचा, हे धादांत खोटं होतं. लहानपणी बापाने बांधाच्या मधोमध खड्डा खणून, हद्दीची खूण म्हणून कौतिकच्याच हाताने त्यात कोळसे पुरून घेतले होते. निम्मा बांध आपला, निम्मा शेजारच्यांचा. कोळसा मातीत कुजत नाही, हेही बापाने तेव्हाच सांगितलं होतं.

भांडण गावचे जुने पंच तोताराम आबा यांच्यापुढे गेलं. कोर्टात वर्षं मोडतात, म्हणून आबांनी जुनी रीत काढली. कौतिकने बांधावरची माती डोक्यावर घ्यायची आणि शपथ बोलत बांध चालायचा. पंधरा दिवसांत त्याच्या घरी माणसाला की गुराला काही झालं, तर शपथ खोटी; निम्मा खर्च भरायचा. काही नाही झालं, तर शपथ खरी. मग तो शब्द कोणी फिरवायचा नाही.

“पुन्हा इचार कर, कौतिक,” आबा म्हणाले. “बठ्ठा बांध त्याचाच म्हनतो ना तू?”

“बठ्ठा.”

“मले मंजूर हाये,” जीवराम लगेच म्हणाला. तो वाद घालत नाही हे कौतिकला जरा बोचलं, पण चार लोकांत माघार कोण घेणार?

दुसऱ्या दिवशी भर उन्हात कौतिक टोपलीभर माती डोक्यावर घेऊन निघाला. निंबाखालच्या आपल्या विहिरीपासून खालच्या बागेपर्यंत, बांधावरून वाहणाऱ्या आपल्याच पाण्याच्या पाटाच्या कडेने तो चालला. “हा बांध माझा नही,” असं दर पावलाला म्हणत होता. माती घामात भिजून डोळ्यांत उतरली. त्याची बायको बेबाबाई बागेपाशी उभी होती. तिने वर पाहिलंच नाही.

त्यानंतर कौतिकचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. कडब्यात हात घालण्याआधी तो काठी आपटून बघे. बेबाबाई साधी शिंकली तरी तो हातातलं काम टाकून घरात धावे.

दहाव्या दिवशी हौशा बैल गोठ्यात बसला तो उठेना. तोंडाला फेस आला होता.

“आबाले सांगा,” बेबाबाई म्हणाली. “निम्मे पैसे देऊन टाका. त्या मातीनं आपल्याले सोडलं नही.”

“चूप! कोनापाशी बोलली तं याद राख.”

त्याने गोठ्याचं दार लावून घेतलं. मोट बंद का, असं लोकांनी विचारलं तर मोट ओढायचा नाडा तुटला म्हणून सांगितलं. दोन दिवस तो बैलाला हाताने पेज पाजत बसला. तिसऱ्या दिवशी हौशाने कडब्याला तोंड लावलं, तेव्हा कौतिकला रडू आलं.

पंधरा दिवस सरले. सोळाव्या सकाळी त्याने देवापुढे गूळ ठेवला आणि मोट जुंपली. घड पोसायला आले होते, वैशाखाचं ऊन तापत होतं. बैल पडल्यापासून पाणी चुकलंच होतं; आणखी दोन-चार दिवस चुकलं तर बाग उभी जळणार होती. चार-पाच मोटा झाल्या आणि खालून बेबाबाईची हाक आली, “पानी येत नही हो!”

तो बांधावर गेला. जीवराम फावड्याने पाटात चिखल ओढून पाणी अडवत होता. तोताराम आबा शेजारी उभे होते.

“भाऊ, तुझी शपथ खरी झाली,” जीवराम शांतपणे म्हणाला. “बठ्ठा बांध माझा. मंग त्याच्यावरचा पाट बी माझाच ना?”

विहीर आणि बाग यांच्यामधली जमीन खोलगट होती; बांधावरच्या पाटाशिवाय पाणी बागेला चढणं शक्य नव्हतं. कौतिक आबांकडे धावला.

“आबा, शपथ खोटी हाये! दहाव्या दिशी माझा बैल पडला व्हता!”

“कोनी पाह्यला?”

“मी पाह्यला,” बेबाबाई पुढे येऊन म्हणाली.

“घरच्याची साक्ष चालत नही, बाई. अन् मले तं यानंच सांगलं, नाडा तुटला म्हनून.”

कौतिक गुडघ्यांवर बसला आणि नखांनी बांध उकरू लागला. “खाली कोयसे हायेत, आबा! माझ्या बापानं पुरेल हायेत! निम्मा बांध माझा हाये!”

“माती डोक्यावर घेतली तव्हा नही आठोले?”

हाताला कोळसा लागला होता. काळाकुळकुळीत, न कुजलेला, बाप म्हणाला होता तसाच. तो मुठीत धरून कौतिकने मान वर केली. आबा काठी उचलून गावाकडे चालू लागले होते.

बेबाबाई निंबाकडे गेली. तुंबलेलं पाणी तिथे पाट फोडून निंबाच्या मुळाशी जिरत होतं. तिने हौशाच्या मानेवरून हात फिरवला आणि मोट सोडली.