ओले ब्रेक

जेठमलजींनी ब्रेक दाबला की पुढच्या रिकाम्या सीटवरच्या पितळी डब्याची कडी पुढे झुके, पाय उचलला की मागे येई. वाटूरपासून हे बिनचूक चाललं होतं. वाहत्या पाण्यातून ओढ्यावरची फरशी ओलांडल्यावर मात्र त्यांची मोजडी पूर्वीइतकीच खाली गेली आणि कडी जेमतेम हलली.

बसंतीला हे दिसलं, कारण तिला तेवढंच दिसत होतं. घुंघटाच्या काठाखालून दोन सीटांमधली जागा, डबा आणि सासऱ्यांचे पाय. शेजारी सासूबाई, पानबाई, मांडीवर माहेरच्या लाडवांची टोपली घेऊन बसल्या होत्या. जीप लष्कराच्या लिलावातली होती आणि जेठमलजी तिच्या स्टिअरिंगच्या चाकाला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत.

बसंती सासूबाईंच्या कानाशी वाकली. "सासूजी, ब्रेकमध्ये पाणी शिरलंय. गाडी चालवतानाच ब्रेकवर हलका पाय ठेवा म्हणावं, घासून गरम झाले की वाळतील. आणि तोवर उताराला इंजिन बंद करू नका म्हणावं."

या घरात सून, म्हणजे बीनणी, सासऱ्यांशी बोलत नसे. बोलायचं ते सासूच्या कानात, आणि सासू ते पुढे पोचवी. पोचवताना त्यातलं निम्मंअधिक वाटेत सांडे.

"अवो, ऐकलं का," पानबाई मोठ्यानं म्हणाल्या. त्या वाटूरच्या, लहानपणापासून शेजारच्या शेतकऱ्यांची मराठीच त्यांच्या तोंडात बसलेली. "बीनणी म्हणती, ब्रेक भिजलेत."

"पावसात भिजणार न्हाईत तर काय वाळतील?" जेठमलजी स्वतःच्या विनोदावर हसले.

"आणि इंजिनाचं कायतरी म्हणून राह्यली."

"इंजिन बराबर आहे, म्हणावं."

बसंतीनं पुन्हा डब्याच्या कडीकडे पाहिलं. शाळेचंही असंच झालं होतं. ती लग्नाआधी हैदराबादेत इंटर सायन्स झालेली, वडिलांची मोटारही चालवलेली. जालन्याच्या मुलींच्या शाळेच्या हेडबाई, द्वारकाबाई, दोन वर्षांत तीनदा घरी येऊन गेल्या होत्या. विज्ञान शिकवायला त्यांना कुणी मिळत नव्हतं. 'मला शिकवायला जायचंय' हे बसंतीनं सासूबाईंच्या कानात सांगितलं, आणि सासऱ्यांपर्यंत पोचलं ते 'बीनणीला घरात करमत न्हाई'. उत्तर आलं, 'मंग भजनाला ने.' नवरा बन्सीलाल म्हणे, "माझी ना न्हाई, पण बाबूजींना विचार." विचारायचं कुणी, या प्रश्नावर गाडं अडलेलं. आता द्वारकाबाईंचा शेवटचा निरोप होता: सोमवारी या, नाहीतर वर्ग बंद करते.

जीप चढ चढून माथ्यावर आली. जेठमलजींनी नेहमीप्रमाणे गिअर काढला आणि चावी बंद केली. उताराला गाडी आपोआप धावते, तिथं पेट्रोल जाळायचं म्हणजे शुद्ध खुळेपणा, असं ते येईल त्या पाहुण्याला ऐकवत. इंजिन थांबताच पावसाची बारीक टिपटिप ऐकू येऊ लागली. मग टायरांचा आवाज वाढत गेला.

बसंतीनं घुंघट दोन बोटं वर धरून समोर पाहिलं. उताराच्या तळाशी चाऱ्याची बैलगाडी शेतातून रस्त्यावर येत होती. आधी गेलेल्या गाड्यांच्या चाकांनी काळी माती डांबरावर ओढून आणली होती आणि पावसानं तिचा लोण्यासारखा लेप झाला होता.

मोजडी खाली गेली. कडी हलली नाही.

जेठमलजींनी पुन्हा दाबला. मग सगळा जोर लावून दाबून धरला. एका पुढच्या चाकानं अचानक पकड घेतली, जीप उजवीकडे ओढली गेली आणि मागचा भाग मातीवरून डावीकडे सरकू लागला. टोपली पालथी झाली, लाडू पायांत घरंगळले.

"अगं बाई! बीनणी, सांग, काय सांगू त्यांना?" पानबाईंनी सवयीनं कान पुढे केला.

"बाबूजी, पाय उचला!" बसंती म्हणाली.

तो आवाज जेठमलजींनी दोन वर्षांत कधी ऐकला नव्हता. त्यांनी चमकून पाय उचलला. चाकं पुन्हा फिरू लागली आणि जीपचं तोंड सरळ झालं.

"चावी फिरवा. तिसरा गिअर टाका. क्लच हळू सोडा... हळू."

इंजिन एकदा खोकलं आणि चालू झालं. वेग तुटला. डब्याची कडी पुढे झुकली.

"आता दुसरा. ब्रेक जोरात नको, हलका ठेवा."

इंजिन घरघरत जीपला मागे ओढू लागलं. बैलांच्या शिंगांचे गोंडे स्पष्ट दिसू लागले तेव्हा जीप चालत्या माणसाच्या वेगावर आली होती, आणि बैलगाडीच्या अलीकडे मुकाट थांबली.

गाडीवान कडूबानं डोक्यावरचं पोतं मागे सारलं. "काय शेठ! वर तर आडवे होऊन आल्ते. मला वाटलं, बैलांना भेटायला येऊन राह्यले."

जेठमलजींनी हँडब्रेक ओढला.

"आणि आतून ते कोन बोललं? शाळंतल्या बाईवानी?"

"तू तुझे बैल हाक," पानबाई लाडू वेचता वेचता म्हणाल्या. कडूबा हसत निघून गेला.

जीप पुढे निघाली. थोडं पुढे गेल्यावर जेठमलजी घसा खाकरून, मागे न पाहता म्हणाले, "तिला विचार, भिजलेले ब्रेक वाळवायचे कसे."

पानबाईंनी कान वळवला. बसंतीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "राहू द्या सासूजी, मीच सांगते. बाबूजी, गाडी चालू ठेवून ब्रेकवर पाय टेकवा. बस, एवढाच. थोडं अंतर असंच जाऊ द्या." मैलाचा दगड मागे पडल्यावर ती म्हणाली, "आता दाबून बघा."

मोजडी खाली गेली. कडी टणकन पुढच्या काठावर आपटली.

"बराबर," जेठमलजी पुटपुटले. त्यांनी पाय उचलला. पुढचा उतार आला तेव्हा त्यांचा हात चावीकडे गेला, क्षणभर थांबला आणि परत चाकावर आला.

बसंतीचा घुंघट होता तिथंच होता. डब्याची कडी मागे येऊन स्थिर होईपर्यंत ती थांबली.

"बाबूजी," ती म्हणाली, "सोमवारपासून मी शाळेत शिकवायला जाणार आहे."